ॲमॉसची ल्युसी आणि आमची पहिली

मिरजेहून निघालो त्या दिवशी आई दारात उभी राहून आम्हाला मोजत होती. सामान नव्हे, माणसं. रिक्षा फाटकाशी येऊन थांबली होती, सतीश बॅगा आत कोंबत होता, मुक्ता माझ्या कडेवर पेंगत होती आणि धाकटा भाऊ अनिल स्टेशनपर्यंत यायचं म्हणून पायात चपला सरकवत होता. आईनं बोट फिरवून चौघांना मोजलं आणि मग, नेहमीसारखं, मागं वळून घरात एकदा बघितलं. ही तिची जुनी खोड. लग्नाला निघा, जत्रेला निघा, नुसतं डॉक्टरकडे निघा, सगळे बाहेर आल्यावर ती आत एकदा बघायची, कुणी राहिलं का अशा नजरेनं, आणि मगच कडी घालायची. गॅस बघत असेल असं आम्ही धरून चाललो होतो. पण त्या दिवशी ती आमच्याबरोबर येणारच नव्हती. कडी घालायचा प्रश्नच नव्हता. तरीही ती वळली, रिकाम्या सोप्यात बघितलं आणि म्हणाली, "निघा आता. गाडी चुकायची."

तुमच्यापैकी जे तिकडंच राहिले त्यांना वाटतं, गेलेल्यांना घराची आठवण येते म्हणजे पोह्यांची येते, गणपतीची येते. येते ना, कोण नाही म्हणतंय. पण मला पहिल्या वर्षात सारखी आठवायची ती ती नजर. सिंगापुरात, तोआ पायोहच्या फ्लॅटमधून बाहेर पडताना लोखंडी जाळीचं दार ओढून घेतलं की माझीही मान आपोआप मागं वळायची. आत तर कुणीच नसायचं. पंखा, सोफा, मुक्ताचे रबरी बूट. सतीश खालून फोन करायचा की लिफ्ट कितीदा सोडणार आहेस.

सतीश बँकेत हिशेबाच्या खात्यात होता आणि मी त्याच्या कामाच्या पासवर आलेली, म्हणजे डिपेंडंट. नोकरी करायची तर वेगळी परवानगी हवी. सांगलीत एका वकिलांकडे मी अनेक वर्षं इंग्रजी लघुलेखन आणि टायपिंग केलं होतं. हातावर हात ठेवून बसायची मला सवय नाही, आणि सवय नसलेलं माणूस घरात बसलं की घरातल्यांना त्याचा त्रास होतो. शेवटी सतीशनंच वाट काढली. त्याचा साहेब अमेरिकन होता. त्याची म्हातारी आई त्याच्याकडे राहायला आली होती, तिची नजर हळूहळू जात चालली होती आणि तिला कुणाला तरी सांगून एक पुस्तक लिहून घ्यायचं होतं. पगाराची नोकरी नाही, म्हणजे परवानगीची भानगड नाही. मी आठवड्यातून दोनदा बस पकडून साहेबाच्या घरी, बुकित तिमाहला जायला लागले.

तिचं नाव एडना. मुक्ता तिला एडना आजी म्हणायची, मग मीही तेच म्हणू लागले. काँडोच्या बाल्कनीत वेताच्या खुर्चीत ताठ बसलेली, पांढरेशुभ्र केस, डोळ्यांवर हिरवट चष्मा. पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं की ती मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाची आहे आणि पुस्तक तिच्या पणजोबांवर आहे, जे त्या पंथाच्या अगदी सुरुवातीच्या पुढाऱ्यांपैकी एक होते. मॉर्मन म्हणजे चार-चार बायका करणारे लोक, एवढंच माझं ज्ञान. ते बहुतेक माझ्या तोंडावर दिसलं असावं, पण तिला तोंड दिसत नव्हतं म्हणून निभावलं. नंतर तीच म्हणाली की पणजोबांना तीन बायका होत्या, पुढं पंथानंच ती चाल बंद केली, आणि पुस्तकात ती हे लपवणार नाही. मी म्हटलं, मला काय, तुम्ही सांगाल ते टाइप करीन.

चहा मात्र तिथं नसायचा. कॉफीही नाही. त्यांच्या धर्मात दोन्ही वर्ज्य. मी घरून निघतानाच दोन कप पिऊन निघायची.

पणजोबांचं नाव ॲमॉस. इंग्लंडमधल्या एका सूतगिरणीच्या गावातला विणकराचा पोरगा. अमेरिकेतून आलेल्या प्रचारकांचं बोलणं त्यानं एका रविवारी ऐकलं आणि गावच्या थंडगार नदीत बुडी मारून बाप्तिस्मा घेऊन आला. आईनं त्याला ओल्या कपड्यांनिशी दारातच उभं केलं आणि आत घेतलं नाही. एडना आजी हे सांगताना थांबायची आणि मला म्हणायची, वाच परत. मी वाचायची. मग ती म्हणायची की "दार लावलं" असं लिहू नकोस, दार उघडंच होतं, आई फक्त दारात उभी राहिली होती. एवढ्या बारकाव्यानं तिनं ती गोष्ट जपली होती.

मग तो बोटीनं अमेरिकेला गेला. मोठ्या नदीकाठी त्याच्या लोकांनी शहर वसवलं आणि शेजाऱ्यांनी ते त्यांना सोडायला लावलं, तेही ऐन हिवाळ्यात. गाड्या बर्फावरून नदीपार गेल्या. पुढं दुसऱ्या एका नदीकाठी उतारावर खोपटी बांधून हजारो लोक थंडी सरायची वाट बघत राहिले. ॲमॉसची बायको हॅना तिथं बाळंत झाली, तापानं फणफणली, आणि नेमका तेव्हाच पंथाच्या वरिष्ठांचा हुकूम आला की ॲमॉसनं इंग्लंडला परत जाऊन प्रचार करायचा. तो गेला. त्यांच्यात हुकूम आला की लोक जात. हॅनाच्या उशाशी दोन वर्षांची ल्युसी बसलेली होती, ती त्याला टाटा करत होती. तो समुद्रावर असताना ल्युसी गेली. गोठलेली जमीन कुऱ्हाडीनं फोडून तिला पुरलं. वसंतात सगळी छावणी पश्चिमेला हलली, खोपटी मोडली, आणि ॲमॉस परत आला तेव्हा तिथं नुसतं गवत होतं.

इथून पुढं त्याची गोष्ट कर्तबगारीची आहे. वाळवंटातल्या खोऱ्यात त्यानं कालवे खणवले, गाव वसवलं, पंथाचा बिशप झाला, नव्या येणाऱ्यांच्या तांड्यांचा कप्तान झाला. घराण्यात जी छापील माहिती होती तीत एवढंच होतं. पण एडना आजीला लिहायचं होतं ते दुसरंच. तांडा आणायला पूर्वेला निघाला की ॲमॉस त्या नदीकाठच्या उतारावर थांबायचा आणि हातातली काठी जमिनीत टोचत दिवसभर फिरायचा. घरी आल्यावर रात्रीच्या जेवणाआधी सगळ्या मुलांची नावं मोठ्यानं घ्यायचा, आणि त्यात ल्युसीचं घ्यायचा. बाकावर तिच्यासाठी जागा सोडायची. एडनाच्या आजीची, म्हणजे ॲमॉसच्या एका मुलीची जागा त्या रिकाम्या जागेच्या शेजारी होती. म्हातारपणीही ती सांगायची की माझी डावी बाजू कायम गार असायची.

हे टाइप केलं त्या दिवशी बसमध्ये मी खिडकीकडेच्या सीटवर बसले नाही. शेजारी रिकामी जागा नको वाटली. उगीच आपलं. पण नको वाटली एवढं खरं.

पुढच्या खेपेला एडना आजीनं सहज विचारलं, तुम्ही भावंडं किती? मी सांगितलं, दोघं, मी थोरली आणि एक भाऊ. ती म्हणाली, "आणि पलीकडे गेलेली धरून?" त्यांच्यात असंच विचारतात. मेलेलं मूल मोजायचं ते सोडत नाहीत. लहान वयात गेलेलं मूल निष्पाप असतं, त्याला बाप्तिस्म्याची गरज नसते, पण आईबापांशी त्याला कायमचं बांधून घ्यायचा विधी त्यांच्या मंदिरात करतात, अगदी शंभर वर्षांनीसुद्धा. त्यासाठी ही माणसं जगभर पूर्वजांची नावं शोधत असतात. मी म्हटलं, आमच्यात कुणी नाही गेलेलं. दोघंच.

ती श्रावणातली गोष्ट. सिंगापूरला श्रावण वगैरे काही नसतो, पण साधारण त्याच सुमाराला चिनी लोकांचा सातवा महिना येतो, भुतांचा. आमच्या ब्लॉकखाली पत्र्याच्या डब्यांत कागदी नोटा जाळत, गवतावर संत्री आणि उदबत्त्या मांडत. संध्याकाळी मैदानात मांडव घालून गाण्यांचा कार्यक्रम व्हायचा आणि पहिली रांग लाल खुर्च्यांची, पूर्ण रिकामी. मुक्ता पळत जाऊन त्यातल्या एका खुर्चीवर बसली, तर शेजारच्या लिम आंटीनं तिला दंडाला धरून उठवलं. "नो नो, कॅनॉट सिट, लाह. नॉट फॉर अस." मुक्तानं मला इंग्रजीत विचारलं, मग कुणासाठी? लिम आंटी म्हणाली, जे आलेत त्यांच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी जिवतीची पूजा केली, पुरणाचे दिवे करून मुक्ताला ओवाळलं. तिनं विचारलं की दिवा खायचा का, आणि खाल्ला. मग आईचा फोन आला. म्हणाली, अनिलला ओवाळलं, आणि तुझ्यासाठी अक्षता टाकल्या. मुलं परगावी असली की आई चारी दिशांना अक्षता टाकते, जिथं असतील तिथं पोचाव्यात म्हणून. हे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, पोचल्या गं. फोन ठेवला आणि तिथंच खाली बसले.

कारण आई अक्षता आधीही टाकायची. मी चौथीत, अनिल बालवाडीत, दोघंही पाटावर तिच्यासमोर बसलेलो, औक्षण झालेलं, आणि तरीही ती उठून मागच्या दारात जायची आणि अक्षता टाकायची. चारी दिशांना नाही. एकाच बाजूला, नदीकडे. मी एकदा विचारलं होतं की आम्ही तर घरातच आहोत, मग कुणाला टाकतेस? ती म्हणाली होती, चिमण्यांना.

एक धागा सुटला की दुसरा सुटतो. माझ्या लग्नाचा मुहूर्त ज्येष्ठ महिन्यातला निघाला होता. सतीश घरातला पहिला, मी पहिली, त्यात महिना ज्येष्ठ. तीन ज्येष्ठ एकत्र आले की लग्न करत नाहीत. गुरुजी पंचांग मिटायला लागले तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "ती ज्येष्ठ नाही." गुरुजींनी तिच्याकडे बघितलं, मान हलवली आणि मुहूर्त धरला. हॉल दुसऱ्या कुठल्या तारखेला मिळत नव्हता, म्हणून आई ठोकून खोटं बोलली असं आम्ही समजलो. पुढं कितीतरी वर्षं सतीश तिला त्यावरून चिडवायचा. ती हसायची.

अनिलला फोन केला आणि म्हटलं, माझ्याआधी आईला कुणीतरी झालेलं असणार. तो म्हणाला, असेल काही, पण आता कशाला उकरून काढतेस. आईचं हृदय अशक्त झालं होतं, डॉक्टरांनी दगदग नको, मनाला लावून घेणं नको असं सांगितलं होतं. बाबा मी कॉलेजात असतानाच गेलेले. म्हणजे विचारायचं तर तिलाच, आणि विचारलं तर तिला सोसेल का हे कुणी सांगू शकत नव्हतं. न विचारता ती गेली तर नदीकडे कोण होतं हे कधीच कळणार नव्हतं, आणि जे कुणी होतं ते कुणाच्याच लेखी उरणार नव्हतं. मी दोन-अडीच महिने हे घेऊन फिरले. घरात एकटी असले की पाठीमागं कुणीतरी शांत बसलंय असं वाटायचं. भीती नाही वाटायची. लाज वाटायची, इतकी वर्षं दुसऱ्या कुणाच्या जागेवर बसल्याची, यात माझा काहीच दोष नसताना.

दिवाळीनंतर, डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटल्यावर, आई आली. विमानात तिला खिडकी मिळाली होती आणि तिनं ती बंद करून ठेवली होती, उगीच खाली बघायला नको म्हणून. आठवडाभरात तिनं फ्लॅट ताब्यात घेतला. हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, माशाचा वास येतो म्हणून नाकाला पदर लावून ती पलीकडच्या भाजीवाल्याकडे जायची आणि मराठीत भाव करायची. तो चिनीत उत्तर द्यायचा. दोघांचं जमायचं. मुक्ता तिला म्हणायची, "आजी, यू कॅनॉट बारगेन हिअर, लाह," आणि आजी मला विचारायची की ही शेवटी ला-ला काय करते.

मी विचारायचं म्हणून रोज ठरवत होते आणि रोज पुढं ढकलत होते. एडना आजीनंच सांगितलं की तुझ्या आईला घेऊन ये. मी आईला बजावलं की त्या चहा घेत नाहीत, विचारू नकोस. आई म्हणाली, चहा घेत नाही म्हणजे माणूस आजारी तरी असतं नाहीतर रुसलेलं तरी. तिथं गेल्यावर दोघी शेजारीशेजारी बसल्या, एकीला दिसत नव्हतं आणि एकीला इंग्रजी येत नव्हतं. एडना आजीनं आईचा हात हातात घेऊन बांगड्या चाचपल्या. आईनं तिच्या हातावरची कातडी बघितली आणि मला म्हणाली, ह्यांना कुणी तेल लावून देत नाही वाटतं.

एडना आजीनं विचारलं की पुस्तकाचं तुझ्या आईला सांगितलंस का. नव्हतं सांगितलं. मग ती सांगत गेली आणि मी मराठीत सांगत गेले. ओल्या कपड्यांत दारात उभा राहिलेला मुलगा आईला आवडला नाही. "आईचं ऐकायचं होतं त्यानं," ती म्हणाली. बर्फावरून गाड्या गेल्या ते तिनं लक्ष देऊन ऐकलं. हुकूम आला आणि तो गेला म्हटल्यावर तिनं विचारलं की त्याच्या बायका किती. मी म्हटलं, पुढं तीन झाल्या. ती म्हणाली, "मग ल्युसी गेली तेव्हा हॅनाजवळ कोण होतं?"

मी हा प्रश्न इंग्रजीत केला. एडना आजीनं तो माझ्याकडून परत एकदा म्हणवून घेतला. मग म्हणाली की त्याचं दुःख आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, हॅनाचं कुणी विचारलं नाही. हा प्रश्न पुस्तकात घाल, आहे तसा.

मी पुढचं सांगितलं, काठीचं आणि जेवणाआधीच्या नावांचं. आई समोरच्या झाडांकडे बघत होती.

"तो तिला शोधत फिरायचा म्हणतेस."

"हो."

"आणि रोज नाव घ्यायचा."

"हो."

"मग तो सुटला," आई म्हणाली. "त्याच्याकडं हाक मारायला नाव तरी होतं."

मला विचारायची वेळच आली नाही. आईनं तिथंच, मॉर्मन बाईच्या बाल्कनीत, सगळं सांगितलं, आणि तेही रडत नव्हे, भाजी निवडताना सांगावं तसं. पहिलं बाळंतपण माहेरी, कुरुंदवाडला. मुलगी झाली. मोठी, केसाळ, आवाज खणखणीत. बाराव्या दिवसाचं बारसं ठरलं, घुगऱ्या भिजत घातल्या, पाळणा धुऊन उन्हात ठेवला. आदल्या दिवशी सकाळी बाळ निळं पडलं आणि दुपारी गेलं. एवढ्या लहानाला जाळत नाहीत. आजोबा तिला फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. आई बाळंतिणीच्या खोलीत, तिला उंबरा ओलांडायची मुभा नव्हती. कुठं ठेवलंत म्हणून तिनं नंतर एकदाच विचारलं. ते म्हणाले, नदीकडं. पुढच्या पावसाळ्यात कृष्णेला पूर आला आणि काठच बदलला. लोक म्हणाले, विसर, पुढच्या वेळी होईल. पुढच्या वेळी मी झाले, आणि सगळे मला थोरली म्हणायला लागले.

"तुला राग यायचा का?" मी विचारलं. हे एवढंच मला सुचलं.

"तुझा कशाला येईल?" ती म्हणाली. "मी फक्त बघायची, सगळी आलीत का."

एडना आजीला मी जमेल तेवढं सांगितलं. ती खूप हळू बोलली. त्यांच्या मंदिरात आई आणि मुलीला कायमचं बांधता येईल, तुझ्या आईची इच्छा असेल तरच, आणि नसेल तर मी पुन्हा विषय काढणार नाही. मी आईला सांगितलं. आईनं तिचा हात थोपटला आणि म्हणाली, "त्यांना सांग, उपकार आहेत. पण बांधायला ती सुटली कुठं होती?"

एडना आजीनं मग एकच विचारलं. तुम्ही तिचं नाव काय ठेवणार होता? आईनं मान हलवली. ती म्हणाली, नाव आईनं ठेवायचं नसतं, आत्या ठेवते. माझ्या वन्सं दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या, सांगलीच्या स्टँडवर त्यांना निरोप मिळाला आणि त्या तिथूनच परत फिरल्या. माझ्या मनात काही असेलही, पण तो मान माझा नव्हे.

वन्सं म्हणजे माझी माई आत्या. पुण्यात मुलाकडे असायची, चांगलीच म्हातारी झालेली. मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी ब्लॉकखालच्या दुकानातून फोन कार्ड आणलं. आई देवापुढं वाती वळत होती. मी कार्डावरचा तो लांबलचक नंबर दाबला, आत्या फोनवर आली, आणि मी काही आडपडदा न ठेवता सांगितलं की आई त्या पहिल्या बाळाबद्दल बोलली. बाळाला नाव नाही म्हणाली.

"नाव होतं गं," आत्या म्हणाली. "एसटीत बसल्याबसल्या ठरवलं होतं मी. मग कुणाला सांगणार? वहिनीला दे फोन."

मी फोन आईच्या हातात दिला. तिनं वातींचा हात पदराला पुसला, फोन कानाला लावला आणि दुसरा कान तळव्यानं झाकला. बारशाला आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करते ना, ते एवढंच मला बारीक ऐकू आलं, फोनच्या घरघरीसारखं. त्यानंतरचं नाही आलं. आई ऐकत होती. तिचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता आणि त्याचं वर्णन मला करता येणार नाही. शेवटी म्हणाली, "बरं, वन्सं," आणि फोन मला परत दिला. तो बंद झालेला होता.

बारशाला नाव ठेवलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. आत्या पुण्यात होती. काय करावं ते न सुचून मी आईच्याच पाठीवर हलकेच दोन थापट्या मारल्या, आणि मग ती रडली. किती वर्षांचं ते रडणं. मुक्ता आतून आली आणि काही न विचारता तिच्या मांडीवर बसली.

मी नंतर विचारलं, काय ठेवलं नाव? आई म्हणाली, "कानात सांगितलेलं आहे ते." मी म्हटलं, पण कानात सांगून झालं की मोठ्यानं सांगतात की. ती म्हणाली की मोठ्यानं सांगायचं ते हाका मारायला. आता कोण हाका मारणार आहे? जिला कळायचं तिला कळलं. मला राग आला. मला वाटलं होतं, हे सगळं मी घडवून आणलं, तर माझा निदान एवढा हक्क आहे. नव्हता. त्यानंतर ती दोन महिने माझ्याकडे राहिली, मी आडून विचारलं, सरळ विचारलं, एकदा भांडूनही विचारलं. सांगितलं नाही म्हणजे नाहीच. पण बाहेर पडताना मागं वळून बघायचं मात्र तिनं सोडलं. दार ओढायची आणि सरळ लिफ्टकडे चालायला लागायची.

ती मिरजेला परत गेली आणि दीड वर्षानं गेली. झोपेतच. माई आत्या त्याच्या पुढच्या थंडीत. एडना आजी तोवर अमेरिकेला परतली होती. तिचं पुस्तक घरच्यांपुरतं छापलं गेलं, एक प्रत मला आली. हॅनाजवळ कोण होतं हा प्रश्न त्यात आहे, आणि खाली लिहिलंय की हा एका भारतीय आईनं विचारला. उत्तर नाही.

आम्ही आता इथले पर्मनंट रेसिडेंट आहोत. तोआ पायोहमध्येच फ्लॅट विकत घेतला, जुना, पण हवेशीर. मिरजेचं घर अनिलनं नीट ठेवलंय, मी दोन वर्षांतून एकदा जाते, चार दिवस बरं वाटतं आणि मग मला इथली ओढ लागते. हे मी कबूल करते, तिकडच्यांनी वाईट वाटून घेऊ नये. इथं कुणी भावंडं विचारली की मी तिघं सांगते. पुढचा प्रश्न येतो, ती कुठं असते? मी म्हणते, आमच्याकडेच असते. ते मनाला वाटतं तेवढं खोटं नाही. जिथं मी आहे तिथं ती आहे, मिरजेत होते तेव्हा मिरजेत होती, आणि मी विमानात बसले तेव्हा मला न विचारता माझ्याबरोबर आली. नदीकाठी कुणीच राहिलेलं नाही. तिचं नाव ठाऊक असलेल्या दोघीही आता राहिल्या नाहीत, तेव्हा ते नाव या जगात कुणीच उच्चारणार नाही, मीसुद्धा नाही.

घर म्हणजे काय, असं आताशा सगळेच विचारतात, गेलेलेही आणि राहिलेलेही. मला मोठं काही सांगता येत नाही. बाजारातून येते, हातातल्या पिशव्या खाली ठेवून कुलूप काढते, मुक्ता शाळेत आणि सतीश ऑफिसात असतो. दार उघडलं की कुणाला तरी हाक मारावीशी वाटते. नाव माहीत नाही, म्हणून मी नुसतं म्हणते, "आले गं."